महाग घरांच्या जिवावर स्वस्त घर

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या, ब्रिटिशांच्या काळात कामगारांसाठी बांधलेल्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून थेट ५०० चौरस फुटांच्या घरात. त्यानंतरचे काही आठवडे मी जिथे गेले तिथे हाच वाद ऐकला. एक बाजू म्हणे, आम्ही वीस-वीस वर्षं हप्ते फेडतोय, डोंबिवलीहून लोंबकळत येतोय, आणि यांना वरळीत फुकट घर? दुसरी बाजू म्हणे, ज्यांच्या तीन पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर जगल्या त्यांच्या हक्काचं आहे ते, तुमच्या पोटात का दुखतं? धारावीबद्दल बोलतानाही हीच दोन वाक्यं थोड्या फरकाने येतात, फक्त त्यात ठरावीक तारखेआधीची झोपडी ‘पात्र’ आणि नंतरची ‘अपात्र’ हे शब्द मिसळतात. माझे आजोबा नायगावच्या बीडीडी चाळीत राहत. त्या खोलीत नऊ माणसं होती, वडील कॉरिडॉरमधल्या दिव्याखाली बसून मॅट्रिक झाले आणि आजीने आयुष्यभर मजल्यावरच्या सामाईक संडासाच्या रांगेत पहाट काढली. त्यामुळे वरळीत कोणाला पाचशे फूट मिळाले तर मला आनंदच होतो. पण वास्तुविशारद म्हणून पंचवीस वर्षं या शहरात नकाशे काढल्यावर हा वाद ऐकला की अस्वस्थ व्हायला होतं, कारण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: घर म्हणजे चौरस फूट, आणि प्रश्न एवढाच की ते कोणाला किती मिळाले.

माझं म्हणणं आधीच सांगते. गेल्या तीस वर्षांत मुंबईत गरिबांच्या घरांसाठी व्यवहारात एकच धोरण उरलं आहे. गरिबाचं घर बांधायचा खर्च त्याच जमिनीवर उभ्या राहणाऱ्या महाग घरांच्या विक्रीतून काढायचा. झोपडपट्टी पुनर्वसन, उपकरप्राप्त इमारती, म्हाडाच्या वसाहती, आता बीडीडी, सगळीकडे सूत्र हेच. आणि हे सूत्र चालण्यासाठी शेजारचं घर महाग असावंच लागतं. ज्या धोरणाला जगायला महाग घरं लागतात, ते धोरण शहरातली घरं स्वस्त करणार कसं? दर पडले की प्रकल्प अडकतो, विकासकाने रहिवाशांना द्यायचं भाडं बंद होतं, माणसं तात्पुरत्या संक्रमण शिबिरात कुजतात. म्हणजे ज्याला हप्ता परवडत नाही तो नोकरदार आणि ज्याला फुकट घर मिळालं तो चाळकरी, हे दोघं एकमेकांचे वैरी नाहीत. एकाचं घर उभं राहावं म्हणून दुसऱ्याचं महाग ठेवणारी ही एकच व्यवस्था आहे, आणि दोघं तिच्यात अडकलेले आहेत.

बाहेरच्या माणसाला वाटतं की आम्ही आधी इमारत कल्पितो आणि मग आकडे जुळवतो. प्रत्यक्षात आधी तक्ता येतो. पुनर्वसनाच्या घरांना इतके फूट, त्यावर प्रोत्साहन म्हणून विक्रीला इतके, पैसे भरून मिळणारं जादा ‘फंजिबल’ क्षेत्र इतकं, दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क म्हणजे टीडीआर इतका, जादा बांधकामासाठी भरायचा प्रीमियम इतका. हे क्षेत्रफळ भूखंडावर कसं बसवायचं तेवढं आमच्याकडे उरतं. विक्रीच्या इमारतीला रस्ता, समुद्र किंवा निदान आभाळ मिळावं म्हणून पुनर्वसनाची इमारत मागच्या कोपऱ्यात ढकलली जाते. मी स्वतः असे नकाशे काढले आहेत, त्यांवर सही केली आहे. हे करताना कोणीही कायदा मोडत नाही, आणि काळजी वाटते ती नेमकी याचीच. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमात दर हेक्टरी किमान ६५० घरं बांधली पाहिजेत अशी अट आहे. किमान! कमाल नाही. घरटी पाच माणसं धरली तर हेक्टरी सव्वातीन हजार माणसं झाली, आणि ती वाढली तरी नियम आडवा येत नाही. वर पुनर्वसनाच्या इमारतींमधलं अंतर इतर इमारतींपेक्षा कमी ठेवायला सवलत. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये आणि मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी अशाच सवलतींवर इमारती उभ्या राहिल्या, कित्येक ठिकाणी दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. डॉक्टरांनी आणि आयआयटीच्या अभ्यासकांनी तिथे क्षयरोगाचं प्रमाण तपासलं, तेव्हा उजेड आणि हवा यांचा त्याच्याशी असलेला संबंध स्पष्ट दिसला. शंभर वर्षांपूर्वी प्लेगनंतर या शहराने जो धडा शिकल्याचं सांगितलं होतं, तोच हा.

तो इतिहास थोडा उगाळणं भाग आहे. १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याची देखणी आखणी केली, ज्याचे गोडवे आम्ही वास्तुविशारद आजही गातो. पण पहिल्या काही वर्षांत गरिबांच्या जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत, आणि बेघर झालेले लोक शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत घुसले. मग १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, तेच आपलं बीडीडी. पन्नास हजार खोल्या बांधायचा संकल्प होता. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर लावला आणि कर्ज काढलं. वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी आणि सोळा-साडेसोळा हजार खोल्या झाल्या, तिथे संकल्प थांबला. सिमेंट काँक्रीटच्या त्या कोंदट खोल्या सुरुवातीला कामगारांनीही नाकारल्या, कितीतरी रिकाम्या पडून होत्या.

त्याच दशकात व्हिएन्ना शहरातही कामगारांच्या घरांची दैना होती, आणि ते शहर महायुद्ध हरलेलं, दिवाळखोर होतं. तिथल्या निवडून आलेल्या नगरपालिकेने १९२३ मध्ये घरांवर चढता कर लावला. बंगल्याला भरमसाट, कामगाराच्या खोलीला नाममात्र. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरं बांधली. ती काही मोठी नव्हती, बहुतेक चार-पाचशे चौरस फुटांचीच. पण संडास घरात, पाणी घरात, आणि इमारतीच्या पोटात भलंमोठं अंगण. कार्ल मार्क्स होफ ही वसाहत एक किलोमीटरहून लांब आहे, तेराशेहून अधिक घरांची, आणि तिच्या जमिनीचा पाचवा हिस्साही बांधकामाखाली नाही. ही घरं विकली नाहीत. नगरपालिकेने जमीन आणि इमारत आपल्याकडे ठेवून ती भाड्याने दिली. आज शंभर वर्षांनी तिथली जवळजवळ निम्मी वस्ती नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहते आणि त्यामुळे खासगी घरमालकालाही मनमानी भाडं लावता येत नाही. बीडीडी आणि व्हिएन्ना, दोन्हीकडे कामगारांसाठीच बांधलं, दोन्हीकडे कर लावला होता. फरक पडला तो जमीन आणि निर्णय कोणाच्या हाती होते यामुळे. आपल्याकडे ते वसाहतीच्या गव्हर्नरच्या हाती होते, तिकडे जे त्या घरांत राहणार होते त्यांच्या मतांवर निवडून आलेल्यांच्या हाती.

यावर पहिला आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. सरकारकडे पैसा नाही, असला तरी बांधायची कुवत नाही; १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने तिजोरीतला पैसा न काढता लाखो लोकांना पक्कं घर दिलं, तुमच्या आदर्शवादाने किती दिलं? मला हे मान्य करावंच लागतं. झोपडीत राहणाऱ्या बाईला रात्री अकरा वाजता सार्वजनिक संडासाकडे जाताना जी भीती वाटते, ती घरातल्या संडासाने एका दिवसात संपते. नावावर कागद आला की मुलीच्या शाळेच्या फॉर्मवरचा पत्ता बदलतो. हे क्षुल्लक नाही आणि झोपडपट्टीतल्या गल्ल्यांचं काव्य करणाऱ्या माझ्या व्यवसायातल्या लोकांचा मला राग येतो. पण हिशेब पूर्ण मांडू या. १९९५ मध्ये पाच वर्षांत आठ लाख घरं, चाळीस लाख माणसं, असं वचन होतं. तीस वर्षांनंतर आपण त्या आकड्याच्या निम्म्यालाही पोचलेलो नाही. का? कारण योजना गरज जिथे जास्त तिथे जात नाही, भाव जिथे जास्त तिथे जाते. वांद्रे-अंधेरीला एका झोपडपट्टीसाठी तीन-तीन विकासक भांडतात आणि मानखुर्दच्या नाल्याकाठी कोणी फिरकत नाही. आणि तिजोरीतला पैसा गेला नाही हेही अर्धसत्य आहे. जमीन गेली. जी जमीन राज्याची, पालिकेची, म्हाडाची होती, तिचा मोठा भाग विक्रीच्या इमारतीखाली कायमचा गेला. नोटा मोजायला सोप्या असतात, जमिनीची किंमत आपण ताळेबंदात लिहीतच नाही.

हेच सूत्र आहे हो, दुसरा पर्यायच नव्हता, असं कोणी म्हणालं की मला चारकोपची आठवण होते. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने मुंबईत एक प्रकल्प सुरू झाला, तो १९९४ पर्यंत चालला. त्याचे दोन भाग होते. एकात चारकोप, गोराई, मालवणी इथे छोटे-छोटे भूखंड पाडून रस्ता, पाणी, गटार, जोतं एवढं करून दिलं आणि वरचं घर ज्याचं त्याने आपल्या ऐपतीनुसार, आपल्या वेळेनुसार बांधलं. थोड्या-थोड्या घरांची एक सोसायटी, मधे अंगण. दुसऱ्या भागात झोपडपट्टी होती तिथेच राहू दिली, जमीन रहिवाशांच्या सोसायटीला भाडेपट्ट्याने दिली आणि घर सुधारायला कर्ज दिलं. यातही मोठे भूखंड बाजारभावाने विकून लहानांचा खर्च भागवला जायचा, हे मी लपवत नाही. पण तिथे जमिनीचा मालक सरकार होतं, किती विकायचं तेही तेच ठरवत होतं, आणि एका मजल्यावर दुसरा चढवायला दहा वर्षं लागली तरी चालत होती. आज चारकोपला जा. अनेकांनी घरं विकली, दुकानं काढली, कुठे नियम मोडले. तरी ते मोहल्ल्यासारखं वाटतं, अंगणात गणपती बसतो, खिडकीतून ऊन येतं, आणि लिफ्टच्या देखभालीच्या पैशांवरून कोणी कोणाशी भांडत नाही, कारण लिफ्टच नाही. फुकट घराची घोषणा झाली त्या दिवशी हा मार्ग बंद पडला. उद्या कोणीतरी फुकट इमारत देणार आहे म्हटल्यावर आज कर्ज काढून भिंत कोण बांधेल?

नवी मुंबईतल्या बेलापूरमध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी याच विचाराने ऐंशीच्या दशकात वसाहत उभारली. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, अशी तीन अंगणं मिळून एक मोठं. घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही, म्हणून ज्याला वाढवायचं त्याने वाढवावं. बुटकी घरं असूनही हेक्टरी पाचशे माणसं तिथे बसतात. ते उत्तर जसंच्या तसं लालबागला चालणार नाही, तिथली जमीन वेगळी. पण कोरिया, वास्तुविशारद प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी १९६४ मध्ये खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे पुढची नवी मुंबई, सुचवलं, तेव्हा त्यांचा मूळ मुद्दा इमारतींचा नव्हताच. शेतजमीन सार्वजनिक संस्थेने घ्यायची, शहर वसल्यावर तिचं मोल वाढेल आणि त्या वाढीतून शहर बांधायचं, हा होता. १९७० मध्ये त्यासाठी सिडको ही सरकारी संस्था आली. त्या वाढलेल्या मोलातला वाटा ज्यांची जमीन गेली त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना मिळाला नाही, म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं आणि १९८४ च्या जानेवारीत जासईला माणसं गोळीबारात मेली, त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा वाटा मान्य झाला. सरकारने जमीन घेतली की न्याय आपोआप होतो, असं मी म्हणत नाही. तो रस्त्यावर भांडून घ्यावा लागतो. पण जमीन सार्वजनिक असते तेव्हा निदान भांडायचं कोणाशी ते माहीत असतं.

दुसरा आक्षेप अर्थतज्ज्ञांचा. मुंबईत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, जगातल्या इतर महानगरांच्या मानाने फार कमी ठेवला, म्हणून घरं टंचाईने महागली. वर जाऊ द्या, भाव उतरतील. यात तथ्य आहे. शहरात १.३३ आणि उपनगरात १ अशा तुटपुंज्या मर्यादा दशकानुदशकं तशाच राहिल्या, भाडेनियंत्रणाने भाड्याची घरं बांधणं थांबलं आणि १९७६ च्या जमीनधारणा कायद्याने मोकळ्या जमिनी कोर्टात अडकवल्या. पण एफएसआय म्हणजे माणसांची दाटी नव्हे, हे शिरीष पटेल यांनी वर्षानुवर्षं समजावलं. साधं गणित करा. एक लाख चौरस फूट बांधकामात हजार फुटांची शंभर घरं बसतात, घरटी चार धरली तर चारशे माणसं. तेच बांधकाम तीनशे फुटांच्या घरांत वाटलं तर तीनशे तेहतीस घरं आणि, लहान घरात घरटी पाच धरली तर, साडेसोळाशेवर माणसं. एफएसआय तोच, पण रस्ता, गटार, शाळा, बाग यांच्यावरचा भार चौपट. मॅनहॅटनचं उदाहरण देताना तिथलं सेंट्रल पार्क, रुंद पदपथ आणि भुयारी रेल्वे कोण मोजतं? मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे, म्हणजे एक चटई. आणि २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटीहून जास्त घरं कुलूपबंद सापडली होती. टंचाई केवळ बांधकामाची असती, तर ती रिकामी का राहिली असती? घर राहण्यासाठी असण्याऐवजी पैसा ठेवण्याची पेटी झालं की कितीही मजले चढवा, पेट्याच वाढतात.

या सगळ्यात राजकारण कुठे घडतं ते गिरण्यांच्या जमिनींनी दाखवलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, सहाशे एकर जमीन शहराच्या मध्यात सुटी झाली. १९९१ च्या नियमात तिची वाटणी ठरली: एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. १९९६ मध्ये कोरियांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने सलग बागा आणि घरांची आखणी मांडली. मग २००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी संपूर्ण जमिनीची नाही, फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची. शेड उभ्या होत्या त्याखालची जागा वाटणीतून सुटली, आणि गिरण्यांत शेडच तर असतात. एका शब्दाने शहराचा दोन तृतीयांश वाटा तुकड्यांवर आला. उच्च न्यायालयात लढा झाला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. आज घरासाठी अर्ज केलेले दीड लाखांहून अधिक गिरणी कामगार आणि त्यांचे वारस आहेत, आणि त्यांना शेलू, वांगणी दाखवली जाते. परळचा कामगार कर्जतच्या वाटेवर! त्या २००१ च्या बदलावर रस्त्यावर किती लोक उतरले होते? बहुतेकांना तो कळलाच नव्हता. तो विधानसभेतल्या भाषणात नव्हता, राजपत्रातल्या एका ओळीत होता.

म्हणून मला पात्र-अपात्र आणि फुकट-हक्क यांपेक्षा वेगळ्या गोष्टींवर भांडण हवं आहे. सार्वजनिक जमीन विकायची नाही, भाडेपट्ट्याने द्यायची, हा पहिला आग्रह. दुसरा, किमान दाटीची अट काढून कमाल दाटी ठरवायची आणि ती भूखंडाची नाही तर अख्ख्या प्रभागाची, तिथल्या शाळा, पाणी, रस्ते मोजून. तिसरा, भाड्याच्या सार्वजनिक घरांचा. कारण नव्याने मुंबईत आलेल्या नर्सला, डिलिव्हरीच्या मुलाला, सुरक्षारक्षकाला मालकी परवडणार नाही आणि आजच्या पुनर्वसन योजनांत तो मोजलाही जात नाही. तो उद्याची झोपडी बांधणार, मग तिच्या पात्रतेच्या तारखेवर निवडणुका लढवल्या जाणार. पैसा कुठून, हा प्रश्न रास्त आहे. पालिकेला आज प्रीमियममधून जो पैसा मिळतो तो एफएसआय विकून मिळतो, म्हणजे पालिकाही भाव चढे राहण्यात भागीदार झाली आहे. त्याऐवजी रिकाम्या ठेवलेल्या घरांवर आणि दुसऱ्या-तिसऱ्या घरांवर चढता कर का नाही? व्हिएन्नाने दिवाळखोरीत हे केलं. सिंगापूरने १९६६ च्या कायद्याने जमीन ताब्यात घेतली आणि आज दहापैकी आठ कुटुंबं सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. सिंगापूरची एकपक्षीय राजवट मला नको आहे, पण तिथल्या जमिनीच्या हिशेबातून शिकायला लोकशाहीची अडचण येत नाही.

लोकशाहीची अडचण आपल्याकडे उलट्या बाजूने आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते. त्या काळात या शहराच्या इतिहासातले सर्वांत मोठे पुनर्विकासाचे निर्णय झाले. विशेष नियोजन प्राधिकरणं नेमली की तो भाग पालिकेच्या आराखड्यातून तसाही निघून जातो. १९९२ च्या घटनादुरुस्तीने शहरांना जे अधिकार द्यायचे म्हटले होते, ते आपण मंत्रालयातून वापरतो. पण लोक वाचू शकतात हेही एकदा दिसलं आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा मच्छीमारांनी आपले कोळीवाडे नकाशावर शोधले, शाळांनी आपली मैदानं शोधली, हजारोंनी हरकती लिहिल्या आणि दोनच महिन्यांत तो मसुदा मागे घ्यावा लागला. मी तेव्हा आमच्या भागातल्या एका ग्रंथालयात दर शनिवारी बसून लोकांना नकाशातले रंग समजावत होते. हिरवा म्हणजे काय, फिकट पिवळा म्हणजे काय. एक आजी दर वेळी येऊन आपल्या चाळीमागचा चिंचोळा मोकळा तुकडा दाखवायच्या आणि विचारायच्या, हा कोणाच्या नावावर केलाय?

आता बस आगारं, मिठागरं, पूर्व किनाऱ्यावरची बंदराची जमीन या सगळ्यांचे प्रस्ताव एकेक करून येत आहेत. त्यांच्या सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापल्या जातील आणि हरकतींसाठी महिनाभर मिळेल. त्यात घराचे किती फूट लिहिलेत ते जरूर पाहा. पण त्याआधी जमिनीची मालकी बांधकामानंतर कोणाकडे राहणार आहे, हेक्टरी किती माणसं धरली आहेत, आणि ‘मोकळी’ या शब्दाची व्याख्या कुठल्या कलमात दडवली आहे, ते शोधा, आणि त्या आजींचा प्रश्न तिथे लिहून पाठवा.